तेरा नंबरचा शनिवार

ऑरिन स्कॉग्मोला ओटिली तळ्याच्या काठावरची केबिन मार्लो गावच्या सहा नंबर टीव्ही स्टेशनवाल्यांनी दिली, ही कुजबूज नॉर्डाल गावात पहिल्यांदा झाली ती ल्यूथरन चर्चच्या तळघरात, कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी. सुरुवात बर्निस रुस्टाडने केली. बर्निसला काही सांगायचं असलं की ती आधी चोरून इकडेतिकडे बघायची, म्हणजे सगळ्यांचं लक्ष आपोआप तिच्याकडे जायचं.

"मी काही बोलत नाही गं," ती म्हणाली, "पण आपलं टीव्ही स्टेशन बुडालं, मार्लोचं सहा नंबर तरलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात ऑरिनच्या केबिनवर नवंकोरं छप्पर. न्यूयॉर्कचे कार्यक्रम इथून हुसकून तिकडे लावून दिल्याची बिदागी, दुसरं काय!"

पुढच्या रविवारी कुजबुजीत केबिनला मोटारबोट जोडली गेली. नोव्हेंबरात टर्की कापायच्या सणापर्यंत फ्लोरिडात एक घरही झालं. फ्लोरिडाचं मला माहीत नाही, पण बोट मी पाहिलेली आहे. तिला वल्ही होती, आणि त्यातलं एक मोडकं.

मी आमच्या टीव्ही स्टेशनच्या, म्हणजे तेरा नंबरच्या टेलिफोन बोर्डवर बसायचे. बाहेरून आलेला प्रत्येक फोन माझ्या हातून आत जायचा. जोडून दिला की कानावरचं यंत्र उतरवून ठेवायचं, असा नियम होता. नियम चांगला होता. माझे केस त्यात अडकायचे, म्हणून मला ते कधी लगेच उतरवता आलं नाही, एवढंच.

ऑरिन आमचा कार्यक्रम-प्रमुख. पडद्यावर कुठल्या वेळी काय दिसणार, ते तो ठरवायचा. संध्याकाळचे मोठाले कार्यक्रम नेटवर्ककडून यायचे. नेटवर्क हा शब्द आम्ही कधी वापरला नाही. आम्ही नुसतं 'न्यूयॉर्क' म्हणायचो. जणू ती कुणी एक बाई होती आणि जरा तापट होती. न्यूयॉर्क कार्यक्रम पाठवणार, आम्ही तो सांगितल्या वेळी दाखवणार, त्यातल्या जाहिराती नॉर्डालची माणसं बघणार, असा करार. न्यूयॉर्कशिवाय तेरा नंबर म्हणजे हवामान, डुकरांचे भाव आणि जुने काउबॉय.

ऑरिन उंच, पण सतत ठेंगण्या दारातून आत येतोय असा वाकलेला. अतिशय आनंद झाला की "वाईट नाही" म्हणायचा. लग्नाच्या दिवशी आर्डिस नटूनथटून समोर आली तेव्हाही तो "वाईट नाही" म्हणाला होता, आणि ती बिचारी आजतागायत ते सांगताना लाजते. कुणाला दुखवणं त्याला जमायचंच नाही. अशा माणसाला देवाने नेमकं असल्या खुर्चीवर बसवलं, की कुणाचा ना कुणाचा कार्यक्रम रोज कापावाच लागतो.

एक कार्यक्रम मात्र त्याने कधी कापला नाही. शनिवारी संध्याकाळी एवाल्ड झेलमरचा बँड आमच्या स्टुडिओत पोल्का, म्हणजे जोडीने नाचायचं संगीत, वाजवायचा आणि तो तसाच्या तसा थेट घरोघर दिसायचा. एवाल्ड कॉन्सर्टिना वाजवायचा. भात्यासारखं ते वाद्य त्याच्या गुबगुबीत पोटावर असं बसायचं, की दोघांतलं फुगतंय कोण ते कळू नये. शेतकरी नवराबायको नाचायला यायचे. पाय सटकन फिरावेत म्हणून आम्ही जमिनीवर मक्याचं पीठ पसरायचो. त्यावरून एकदा कॅमेरावाला कॅमेऱ्यासकट घसरला, आणि सबंध जिल्ह्याने छताचा दिवा पाहिला. त्याबद्दल एकाही माणसाने तक्रार केली नाही.

एवाल्डची बायको लिओटा तेव्हा गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. कार्यक्रम संपताना एवाल्ड टोपी काढून कॅमेऱ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "लिओटा, दमलीस ना? झोप आता." ऑरिन एकदा आपल्या आत्याला भेटायला त्या आश्रमात शनिवारीच गेला होता. लिओटाचा चांगला हात पांघरुणावर ताल धरत होता, तो त्याने पाहिला. सोमवारी माझ्या बोर्डपाशी येऊन म्हणाला, "सिग्ने, शनिवारला हात लावायचा नाही."

"मी कुठे लावतेय?"

"मी मलाच सांगतोय."

आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कने शनिवारच्या नेमक्या त्याच वेळेला आपला नवा कार्यक्रम आणला. एक पोलीस इन्स्पेक्टर आणि त्याच्या मोटारीत राहणारा चिंपांझी. दोघे मिळून चोर पकडायचे. अक्कल चिंपांझीची. न्यूयॉर्कला त्याचं केवढं कौतुक! ऑरिनने काय केलं, तो फितीवर उतरवून घेतला आणि रविवारी दुपारी, लोक जेवून पेंगत असताना दाखवायला सुरुवात केली. शनिवारी पोल्का तो पोल्काच. असं पुष्कळ आठवडे चाललं. शेवटी कुठल्याशा साबणवाल्याच्या लक्षात आलं की त्याची शनिवारची जाहिरात नॉर्डालमध्ये रविवारी लागतेय. साबणवाला न्यूयॉर्कवर डाफरला आणि न्यूयॉर्क आमच्यावर.

न्यूयॉर्कच्या वतीने बोलायचे ते मिस्टर लोमॅक्स. देशभरच्या स्टेशनांशी संबंध राखणं हे त्यांचं काम, म्हणजे भांडायचा पगार. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. शिंक आली तरी अर्ध्यात सोडून देईल असा.

"मिस्टर स्कॉग्मो, आमचा शनिवार तुम्ही आम्हाला देणार की नाही?"

"बघतो ना काहीतरी," ऑरिन म्हणाला.

"काय बघता?"

"म्हणजे... बघायला हवं."

"मार्लोच्या सहा नंबरने टीव्हीचा नवा मनोरा उभा केलाय, ठाऊक आहे ना? तुमच्यापेक्षा उंच. ते आमच्या पाया पडताहेत. म्हणतात, तुमचा चिंपांझी आम्ही दिवसातून दोनदा दाखवू. करार संपत आलाय. मला कारण द्या, मिस्टर स्कॉग्मो, तुमच्याकडे राहायचं एक तरी कारण द्या."

ऑरिनने पुन्हा "बघतो" म्हणून फोन ठेवला. अर्धांगाच्या बाईचा हात पांघरुणावर हलतो, हे कारण न्यूयॉर्कला कुठल्या तोंडाने सांगायचं!

स्टेशनच्या मालकीणबाई म्हणजे मिसेस ब्रेक्के. नवरा गेल्यावर स्टेशन त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्यांनी ऑरिनला बोलावलं, मलाही टिपणं घ्यायला बसवलं. टिपणासारखं काही नव्हतंच.

"ऑरिन, न्यूयॉर्क गेलं तर मी हे चालवू शकत नाही. विकून टाकीन. ते टीव्हीवर प्रवचनं देणारे प्रार्थनावाले केव्हाचे मागताहेत. मग त्यांच्याकडे पोल्का चालेल का, सांग. नाच म्हणजे त्यांना सैतान."

"नाही चालणार."

"म्हणजे न्यूयॉर्क गेलं की एवाल्डही गेला. आणि न्यूयॉर्क ठेवायचं म्हणून एवाल्डला काढलंस, तरी एवाल्ड गेलाच. दोन्ही राहतील असं काही निघालं तर ते घे. जे देतील ते घे. समजलं?"

"समजलं."

त्या दिवसापासून ऑरिनने जेवण सोडलं. आर्डिस डबा द्यायची, तो तसाच परत जायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, निदान ते गोड बार्स तरी खा, लिंबाच्या वड्या आहेत." तर म्हणाला, "तूच खा." मी खाल्ले. त्याच्या बुशकोटाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. एवाल्ड स्टुडिओत आला की हा फायलींच्या खोलीत जाऊन बसायचा. एवाल्डला कुठून तरी वास लागलाच. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सिग्ने, तुझा साहेब मला बघून उंदरासारखा का पळतो गं? माझी कॉन्सर्टिना चावते का?" हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. जाता जाता म्हणाला, "त्याला सांग, शनिवार गेला तर लिओटाला मी कुठून दिसणार?"

मी सांगितलं नाही. ऑरिन दाराआडून ऐकतच होता.

एवढं सगळं झाल्यावर एके दिवशी मिस्टर लोमॅक्सचा फोन आला, आणि आवाज चक्क मऊ.

"मिस्टर स्कॉग्मो, मी वरच्यांशी बोललोय. तुमचं स्टेशन छोटं, पण जुनं. असं करू, पोल्का तुमचा शनिवारीच राहू द्या. आमचा कार्यक्रम रविवारी दुपारीच दाखवा, मी साबणवाल्याला समजावतो. करार आहे तसा पुढे चालू. कसं?"

माझ्या हातातली वायर गळून पडायची बाकी राहिली. दोन्ही! न्यूयॉर्कही आणि शनिवारही! मी जीव कानात आणून ऐकत होते.

आणि ऑरिन म्हणाला, "अहो नको, नको. आमच्यासाठी तुम्हाला कशाला एवढा त्रास."

आता हे वाचून कुणी ऑरिनला वेडा म्हणेल, तर त्याने आमच्या नॉर्डालमध्ये कुणाच्या घरी कॉफी प्यायलेली नाही. पहिल्या विचारण्याला हो म्हणणाऱ्या माणसाला आमच्यात हावरट समजतात. दुसऱ्या विचारण्याला 'नको, खरंच नको' म्हणायचं, पण जरा पडत्या आवाजात. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग 'बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर अर्धा कप' म्हणायचं. यजमानाला ते ठाऊक असतं, पाहुण्याला ठाऊक असतं, कुत्र्यालासुद्धा ठाऊक असतं. शेजारच्या स्वीडिश लोकांच्या वस्तीतल्या एका गृहस्थाने बर्निसच्या आजीकडे पहिल्याच फटक्याला हो म्हणून केक उचलला होता. तो मेला, त्याची मुलं म्हातारी झाली, तरी त्या केकची गोष्ट अजून निघते.

मिस्टर लोमॅक्स म्हणाले, "त्रास काही नाही हो. मी खरंच देऊ करतोय. शनिवार तुमच्याकडे ठेवा. ठेवता?"

दुसरं विचारणं. ऑरिनचा आवाज अगदी हवा तसा पडला. "नाही, खरंच नको. तुमच्या साबणवाल्याला उगीच वाईट वाटायचं."

मी श्वास रोखून धरला. आता तिसरं.

"ठीक आहे," मिस्टर लोमॅक्स म्हणाले. "कळलं मला. स्पष्ट बोललात, आभारी आहे." आणि फोन ठेवला.

ऑरिन खोलीतून बाहेर आला तो लालबुंद. किती तरी दिवसांनी ताठ उभा. "सिग्ने! दोन्ही देतोय तो! दोनदा विचारलं त्याने!"

"आणि ठेवला की रे फोन."

"कुणी आलं असेल खोलीत. करेल पुन्हा." त्याने माझ्या टेबलावरचा लिंबाचा बार उचलून अख्खा तोंडात घातला. "वाईट नाही," म्हणाला.

तो वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी जेवायला घरी गेला नाही, न जाणो तेवढ्यात फोन यायचा. त्याच्या पुढच्या दिवशी मला म्हणाला, बोर्ड नीट चालतोय ना बघ. मी बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन लावून दाखवला. चालत होता. आठवडा गेला. तो आता येरझाऱ्या घालायला लागला होता. मी म्हटलं, "ऑरिन, तू कर ना फोन. सांग, घेतो म्हणून."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चर्चच्या पेटीत हात घालायला सांगितलं. "आपण होऊन? मागितल्यासारखं नाही का दिसणार ते?"

"मिसेस ब्रेक्केंनी काय सांगितलं होतं? जे देतील ते घे."

"घेणारच आहे की. त्याने दिलं तर."

शेवटी त्याने न्यूयॉर्कला फोन लावायला सांगितला तो मार्लोच्या वर्तमानपत्रात बातमी आली त्या सकाळी. शरद ऋतूपासून न्यूयॉर्कचे सगळे कार्यक्रम सहा नंबरवर. मिस्टर लोमॅक्स ऑफिसात नव्हते. दुपारी नव्हते. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीबाई म्हणाली, साहेब मिनियापोलिसला आहेत, तिथल्या हॉटेलात स्टेशनवाल्यांची सभा आहे.

ऑरिनने तडक गाडी काढली. मीही बसले. माझी एक चुलत बहीण मिनियापोलिसला राहते. तिची मला अचानक फार आठवण झाली. वाटभर तो एकच शब्द पुटपुटत होता. आधी मला वाटलं प्रार्थना म्हणतोय. नीट ऐकलं तर तो "हो" म्हणायचा सराव करत होता. "हो." मग जरा मोठ्याने, "हो. घेतो." कान लाल व्हायचे आणि पुन्हा हळू.

मिस्टर लोमॅक्स हॉटेलच्या पुढच्या दालनात सापडले, हातात बॅग, निघायच्या बेतात. ऑरिन सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. ओळख नाही, हवामान नाही, काही नाही.

"हो," तो म्हणाला.

"काय हो? आपण कोण?"

"स्कॉग्मो. नॉर्डाल. तेरा नंबर. शनिवार. घेतो आम्ही."

मिस्टर लोमॅक्सनी बॅग खाली ठेवली. "मिस्टर स्कॉग्मो, सही होऊन गेली. मी तुम्हाला विचारलं तेव्हा सहा नंबरशी काही नक्की नव्हतं. तुमच्यासाठी मी वरच्यांशी भांडलो होतो, माहीत आहे? दोनदा विचारलं तुम्हाला. दोनदा नाही म्हणालात."

"ते नाही, नाही नव्हतं हो. तुम्ही तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं."

मिस्टर लोमॅक्सनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस चेष्टा करतोय का, असं त्यांना विचारायचं होतं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक, त्यांचा आवाज उतरला. "माणूस दोनदा नाही म्हणाल्यावर तिसऱ्यांदा कोण विचारतं?"

"आम्ही," ऑरिन म्हणाला. "आम्ही सगळे." मग त्याने त्यांची बाही धरली. ऑरिनने! जो आर्डिसचा हातही चारचौघांत धरत नाही, त्याने. "आता विचारा. एकदाच विचारा. मी लगेच हो म्हणतो. साहेब, विचारून तर बघा."

मिस्टर लोमॅक्सनी हळूच बाही सोडवून घेतली. "आता माझ्याकडे द्यायला काही नाही हो," म्हणाले. हॉटेलचं गोल दार फिरलं, गेले.

परतीच्या वाटेवर आम्ही एका खानावळीत थांबलो. वाढणारी पोर कॉफीचं भांडं घेऊन आली. "अजून घालू?" तिने विचारलं. "हो," ऑरिन म्हणाला. लगेच. पोर दचकली. तिच्या हातून कॉफी बशीत सांडली.

शरद ऋतूत न्यूयॉर्क गेलं. आम्ही जुनी कुस्ती दाखवली, जुने काउबॉय दाखवले, एकच काउबॉय आठवड्यात तीनदा मारला. जाहिरातवाले सहा नंबरकडे वळले. नाताळाआधी बातम्यांचा विभाग बंद झाला. मिसेस ब्रेक्केंनी बर्फ वितळायच्या आत स्टेशन प्रार्थनावाल्यांना विकलं, आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्टुडिओची जमीन धुऊन काढली. मक्याचं पीठ फटींत बसलं होतं, ते चाकूने खरवडलं. शनिवारी पोल्काच्या जागी एक गृहस्थ नरकाचं वर्णन करू लागले. मी बोर्डवर आणखी थोडे दिवस होते. ऑरिन नव्हता.

चर्चमध्ये त्याच्या बाकावर तो आणि आर्डिस दोघंच बसायचे. मागचे लोक एक बाक सोडून बसायला लागले. केबिनची कुजबूज सुरू झाली ती त्यानंतर. तळघरात मी एकदा सगळ्यांना खरं सांगून टाकलं, सगळंच्या सगळं. बायका ऐकत होत्या. बर्निसने विचारलं, "दोनदाच विचारलं त्याने?"

"दोनदाच."

"मग हो कसं म्हणणार तो!" बर्निस म्हणाली. जी ती आपापल्या कपात बघू लागली. प्रत्येकीने मनातल्या मनात तो फोन उचलला होता, आणि प्रत्येकीने दोनदा नको म्हटलं होतं. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं, पण ते छप्पर फार भारी दिसतं नाही? लगेच सगळ्यांना बोलता यायला लागलं.

लिओटा अजून होती. शनिवार संध्याकाळी नर्सबाई सवयीने टीव्ही लावायच्या, नरक दिसला की बंद करायच्या. तिचा हात पांघरुणावर तसाच पडून असायचा. एवाल्ड आता रोज तिच्याकडे जायचा, पण कॉन्सर्टिना नेत नसे; तिथल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांना त्या आवाजाने धडकी भरते म्हणून आश्रमाने मनाई केली होती.

हे कळल्यावर ऑरिन एवाल्डच्या घरी गेला. मी समोरच्या फुटपाथवर होते; दूध आणायला निघाले होते आणि जरा रेंगाळले. ऑरिनने टोपी हातात धरली होती. एवाल्डने दार उघडलं.

"एवाल्ड, मी शनिवार वाचवायलाच..." ऑरिनने सुरुवात केली.

आतून कॉफीचा वास येत होता, माझ्यापर्यंत. एवाल्ड म्हणाला, "आत येतोस?"

"नको, नको," ऑरिन म्हणाला. "तू कामात असशील."

एवाल्ड आमच्यातलाच. नॉर्डालमध्ये जन्मलेला. त्याने ऑरिनकडे नीट पाहिलं आणि दार लावून घेतलं.

ऑरिन पायरीवर थांबला. मी दूध न घेताच घरी आले.

केबिन आर्डिसच्या काकांनी मरताना तिला दिली होती. छप्पर ऑरिनने स्वतः घातलं, कारण त्या उन्हाळ्यात त्याला दुसरं काम नव्हतं. सहा नंबरने त्याला काहीही दिलं नाही. न्यूयॉर्कने त्याला हवं होतं ते सगळं दोनदा देऊ केलं, आणि तो दोनदा नको म्हणाला.